परक्या क्रांतीचे वाचन

१

पारतंत्र्यात असलेल्या समाजात परदेशाचा इतिहास केवळ जिज्ञासेपोटी लिहिला जात नाही, आणि वाचलाही जात नाही. स्वतःच्या देशाविषयी जे उघडपणे बोलता येत नाही ते दुसऱ्या देशाच्या मिषाने बोलावे, 'लेकी बोले सुने लागे' या न्यायाने राज्यकर्त्याला ऐकवावे आणि स्वकीयांना सुचवावे, असा अशा लेखनाचा हेतू असतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात परदेशीय देशभक्तांविषयी मराठीत जे वाङ्मय निर्माण झाले, त्यामागे हीच प्रेरणा होती. नरसिंह चिंतामण केळकर यांचे गॅरिबाल्डीचे चरित्र, वि. दा. सावरकर यांनी केलेले आणि १९०७ साली प्रसिद्ध झालेले मॅझिनीच्या आत्मचरित्राचे भाषांतर, आणि केळकरांचाच १९०९ सालचा 'आयर्लंडचा इतिहास' हे त्या मालिकेतील ठळक ग्रंथ होत. या वाङ्मयाचे मूल्यमापन बहुधा 'स्फूर्तिदायक' या एका विशेषणाने आटोपले जाते. ते विशेषण खोटे नाही; परंतु ते अपुरे आहे. स्फूर्ती कशाची, कोणाला आणि कोणत्या प्रकारच्या वाचनातून, हे प्रश्न त्याने सुटत नाहीत.

या प्रश्नांच्या विचारासाठी आयर्लंडइतके सोयीचे उदाहरण नाही, आणि दिल्लीइतके सोयीचे स्थळ नाही. १९२३ साली निवडून आलेले केळकर त्या दशकात दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळाचे सभासद होते. त्याच विधिमंडळात ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी प्रेक्षकांच्या सज्जातून बाँब टाकले. भगतसिंगांनी डॅन ब्रीन या आयरिश क्रांतिकारकाच्या 'माय फाइट फॉर आयरिश फ्रीडम' या १९२४ साली निघालेल्या आत्मकथनाचा हिंदी अनुवाद केला होता. म्हणजे आयर्लंडचे दोन भारतीय वाचक, दोन पिढ्यांतले आणि दोन भाषांतले, एकाच वास्तूच्या इतिहासात एकत्र आले. ती वास्तू १८ जानेवारी १९२७ रोजी खुली झाली. २०२३ पासून ती 'संविधान सदन' या नावाने ओळखली जाते. एकाने आयर्लंड वाचून विधिमंडळ गाठले आणि दुसऱ्याने बाँब उचलला, असा सोपा निष्कर्ष येथे काढता येईल. पण तो निष्कर्ष ग्रंथांविषयी काहीच सांगत नाही. दोघांनी आयर्लंड कसे वाचले हा वाङ्मयीन प्रश्न त्यामुळे अस्पर्शित राहतो.

या प्रश्नाची कसोटी बाहेरून आणण्याचेही कारण नाही. ती केळकरांनीच दिली आहे. १९२१ सालच्या बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो म्हणून त्याला वाङ्मयाचा आनंद लाभतो. परंतु हे तादात्म्य योग्याच्या निर्विकल्प समाधीसारखे पूर्ण आत्मविस्मृतीचे नसते. वाचक दुसऱ्याचा होतो आणि त्याच वेळी स्वतःचाही राहतो. या दुहेरी अवस्थेतच आनंदाचे मर्म आहे, असा त्या कल्पनेचा आशय. ललित वाङ्मयाच्या आनंदाची मीमांसा करण्यासाठी ती सुचविली गेली. परक्या देशाच्या इतिहासाच्या आणि क्रांतिकारकाच्या आत्मकथनाच्या वाचनाला ती लावून पाहिली, तर तिचे मोल आणखी वाढते. कारण कादंबरीत आत्मविस्मृत झालेल्या वाचकाचे फारसे बिघडत नाही. क्रांतिकथेत आत्मविस्मृत झालेल्या वाचकाच्या हातून इतरांचे प्राण जाऊ शकतात.

२

केळकरांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. जुलै १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती, आणि त्यांच्या पश्चात 'केसरी'ची धुरा केळकरांनी उचलली होती. अशा वेळी आयर्लंडचा विषय निवडण्यात मोठे औचित्य होते. आयर्लंड हाही इंग्रजांच्याच सत्तेखालचा देश. जमीन परक्या जमीनदारांकडे आणि उपासमार कुळांच्या वाट्याला, ही तेथली स्थिती दख्खनच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात तेथे सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देशोधडीला लागली. १८८० साली मेयो परगण्यात बॉयकॉट नावाच्या एका कारभाऱ्याला कुळांनी वाळीत टाकले, आणि त्याच्या आडनावाचाच इंग्रजीत एक शब्द झाला. तो शब्द 'बहिष्कार' हे रूप घेऊन १९०५ नंतरच्या चतुःसूत्रीत येऊन बसला. बंगालची फाळणी १९०५ ची. आयर्लंडमध्ये 'सिन फेन', म्हणजे 'आम्ही स्वतः', या चळवळीचा उदयही १९०५ चा. साधर्म्याची सामग्री अशी विपुल होती. आणि साधर्म्य विपुल असले की उपमा आपोआप सुचते.

हिंदुस्थान आयर्लंडसारखा आहे, ही त्या पिढीची उपमा होती. उपमेचे सामर्थ्य निर्विवाद आहे. दूरची वस्तू ती एका क्षणात जवळ आणते. तथापि, उपमेला उपमान स्थिर असावे लागते. मुखाला चंद्राची उपमा देताना चंद्र जागच्या जागी राहील असे कवी गृहीत धरतो. इतिहासातील उपमान मात्र चालते असते. १९०९ साली लिहिणाऱ्या इतिहासकाराला जो आयर्लंड दिसू शकत होता, त्यात १७९८ चा उठाव होता, १८०० चा विलीनीकरणाचा कायदा होता, ओकॉनेलच्या विराट सभा होत्या, १८४८ आणि १८६७ ची फसलेली बंडे होती, आणि पार्नेलने संसदेत इंग्रजांची केलेली कोंडी होती. होमरूलची विधेयके १८८६ आणि १८९३ अशी दोनदा फेटाळली गेली होती. तिसरे अद्याप यावयाचे होते. या सामग्रीवरून आयर्लंडचे भवितव्य संसदेत ठरेल असे कोणीही अनुमान केले असते, आणि ते अनुमान गैर नव्हते.

ते अनुमान कोठे मोडले याची तारीख सांगता येते. २८ एप्रिल १९१६ रोजी, बेळगावच्या प्रांतिक परिषदेच्या प्रसंगी, टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. जोसेफ बाप्टिस्टा तिचे अध्यक्ष आणि केळकर तिचे चिटणीस. संस्थेचे नावच आयर्लंडकडून घेतलेले. नेमक्या त्याच दिवशी डब्लिनमध्ये, २४ तारखेपासून लढत असलेल्या बंडवाल्यांनी जळते मुख्य टपालघर सोडले, आणि दुसऱ्या दिवशी शरणागती पत्करली. ३ ते १२ मे या दहा दिवसांत त्यांच्यापैकी पंधरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतरचा आयर्लंड निराळा होता. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत सिन फेनने १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या आणि होमरूल मागणारा जुना आयरिश पक्ष जवळजवळ नामशेष झाला. जे नाव बेळगावात जन्म घेत होते त्याची डब्लिनमध्ये अखेर सुरू झाली होती.

यात केळकरांचा दोष शोधणे अन्यायाचे होईल; जळत्या टपालघराचे भवितव्य बेळगावच्या मंडपात कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते. या योगायोगातून जे निष्पन्न होते ते निराळेच आहे. उपमान कोसळल्यानंतरही उपमेय उभे राहिले. होमरूल लीगने महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जे काम केले त्याचे यशापयश आयर्लंडवर अवलंबून नव्हते. ते येथल्या व्याख्यानांवर, येथल्या वर्गणीवर आणि येथल्या माणसांवर अवलंबून होते. उपमेने चळवळीला नाव दिले. जीवन दिले नाही. ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे, पाचच वर्षांनी त्याच लेखकाने वाचकाने स्वतःचे भान सोडू नये असे सांगावे, याला निव्वळ सौंदर्यशास्त्रापलीकडचा अर्थ प्राप्त होतो.

३

ब्रीन यांचे पुस्तक या सर्वांहून वेगळ्या जातीचे आहे. तो इतिहास नव्हे. ते आत्मकथन आहे. २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये आयरिश लोकप्रतिनिधींची स्वतंत्र सभा प्रथम भरली. त्याच दिवशी टिपररी परगण्यात सोलोहेडबेग येथे ब्रीन आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरुंगाची दारू नेणाऱ्या गाडीवर छापा घातला. पुढे नॉकलाँगच्या स्थानकावर आगगाडीतून सहकाऱ्याची सुटका, डब्लिनजवळ ॲशटाउन येथे व्हाइसरॉय लॉर्ड फ्रेंच यांच्यावर हल्ला, डोक्यावर लावलेले बक्षीस, जखमा, लपण्याची घरे, पाठलाग, अशा घटनांच्या वेगाने ते कथन पुढे जाते. कथनाचा वेग हाच या पुस्तकाचा मोठा गुण आहे, आणि त्यातच त्याचा दोषही दडलेला आहे. 'मी'च्या डोळ्यांनी पाहणारा वाचक सतत निसटण्याच्या तयारीत असतो. थांबून मागे पडलेल्याकडे पाहण्यास त्याला उसंत नसते.

सोलोहेडबेगला मागे दोन माणसे पडली होती. जेम्स मॅक्डॉनेल आणि पॅट्रिक ओकॉनेल ही त्या पोलीस शिपायांची नावे. दोघेही आयरिश, दोघेही कॅथलिक. त्यांच्या बाजूने पाहिले तर तो प्रसंग आयर्लंड विरुद्ध इंग्लंड असा राहत नाही. आयरिश माणूस म्हणजे बंडखोर, हे समीकरण हिंदी वाचकाला तर विशेषच तपासून घ्यावयास हवे होते. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचे नायब राज्यपाल असलेले मायकेल ओड्वायर हेही आयरिश, आणि तेही त्याच टिपररी परगण्यात जन्मलेले. एकाच परगण्याने साम्राज्याला पंजाबचा कठोर शासक दिला आणि त्याच साम्राज्याला हादरविणारा ब्रीन दिला. आणि दोघांच्या नावाशी जोडलेल्या त्या दोन घटना १९१९ या एकाच वर्षातल्या. ही गुंतागुंत ब्रीन यांच्या पुस्तकात येत नाही, कारण प्रथमपुरुषी साहसकथेत तिला जागा नसते.

असे पुस्तक निर्विकल्प तादात्म्याची मागणी करते. हिंदुस्थानात त्याचे वाचन असेच झाले, याचा पुरावा चितगावने दिला. सूर्य सेन यांच्या नेतृत्वाखाली १८ एप्रिल १९३० रोजी शस्त्रागारांवर हल्ला झाला, तो दिवस गुड फ्रायडेचा होता. डब्लिनचा १९१६ चा उठाव ईस्टरच्या सप्ताहातला. संघटनेने घेतलेले नाव 'इंडियन रिपब्लिकन आर्मी' असे होते. नाव आणि सप्ताह दोन्ही उचलले गेले. तेथील तरुणांच्या शौर्याविषयी आणि त्यांनी दिलेल्या प्राणांविषयी आदर बाळगूनही, हे अनुकरण होते असेच म्हणावे लागेल. एका राष्ट्राचे पंचांग दुसऱ्या राष्ट्राने स्वीकारले होते.

लाहोरच्या कृत्यावरही ब्रीन यांची छाया पाहता येते. १७ डिसेंबर १९२८ रोजी भगतसिंग आणि खेडचे शिवराम हरी राजगुरू यांनी साँडर्स या पोलीस अधिकाऱ्यास गोळ्या घातल्या. लाला लजपतराय यांच्यावरील लाठीमारास जबाबदार धरलेला अधिकारी स्कॉट होता. साँडर्स चुकीने मारला गेला. पाठलाग करणारा हवालदार चननसिंग हाही त्या वेळी मरण पावला. सोलोहेडबेगच्या शिपायांप्रमाणे तोही याच मातीतला. येथपर्यंत अनुवादक आणि मूळ लेखक एकाच वाटेने चाललेले दिसतात. परंतु साँडर्सच्या वधानंतर लावलेल्या पत्रकात एका माणसाचा प्राण घ्यावा लागल्याबद्दल खेद व्यक्त केला होता. तो खेद पुरेसा होता की नाही, हा वेगळा वाद. ब्रीन यांच्या कथनाच्या वेगात न सापडणारे काहीतरी त्या पत्रकात आले होते, एवढे नक्की. वाचक पुस्तकापासून एक पाऊल दूर सरकला होता.

४

ते अंतर दिल्लीत स्पष्ट झाले. ८ आणि ९ सप्टेंबर १९२८ रोजी फिरोजशहा कोटल्याच्या भग्न अवशेषांत निरनिराळ्या प्रांतांतील क्रांतिकारकांची बैठक झाली आणि 'हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशन' या नावात 'सोशॅलिस्ट' हा शब्द घालण्यात आला. 'रिपब्लिकन' या शब्दाला आयर्लंडचा ताजा संदर्भ होता. नवा शब्द रशियाकडून आला होता. एका शब्दाच्या भरीने आयर्लंड हे एकमेव उपमान राहिले नाही. पुढे एप्रिलमध्ये विधिमंडळात बाँबबरोबर जी पत्रके फेकली गेली त्यांच्या आरंभी ज्याचा दाखला होता, तो व्हायाँ हा फ्रेंच अराज्यवादी होता; त्याने १८९३ साली पॅरिसच्या प्रतिनिधिगृहात बाँब टाकला होता. वस्तुतः याहून जवळचा दाखला आयरिशांनी दिला होता: २४ जानेवारी १८८५ रोजी लंडनच्या कॉमन्स सभागृहातच त्यांनी स्फोट घडवला होता. तो बाजूला ठेवून फ्रेंच दाखला निवडला गेला, ही निवड लक्षणीय आहे.

परंतु खरे महत्त्वाचे लेखन त्यानंतरचे. ६ जून १९२९ रोजी दिल्लीच्या सत्र न्यायालयात, न्यायाधीश मिडल्टन यांच्यासमोर, असफ अली यांनी दोघा आरोपींच्या वतीने एक निवेदन वाचले. ते निवेदन क्रांतिकारकांच्या भारतीय वाङ्मयातील एक उत्कृष्ट गद्यलेख म्हणून वाचण्यास योग्य आहे. त्यात मानवी जीवन पवित्र असल्याची ग्वाही आहे, क्रांती या शब्दाची व्याख्या आहे, आणि ज्यांच्या ध्येयांतून नव्या चळवळीला प्रेरणा मिळाली त्यांची नामावळी आहे. गुरू गोविंदसिंग आणि शिवाजी, केमाल पाशा आणि रिझा खान, वॉशिंग्टन आणि गॅरिबाल्डी, लाफायेत आणि लेनिन अशा चार जोड्यांनी ती बनलेली आहे. मराठी वाचकाला तिच्यात शिवाजी आणि गॅरिबाल्डी ही ओळखीची नावे भेटतात. मात्र आठ नावांत एकही आयरिश नाव नाही. ब्रीन यांच्या अनुवादकाने तयार केलेल्या नामावळीत ब्रीन नाहीत, पिअर्स नाहीत, कॉलिन्स नाहीत, डी व्हॅलेरा नाहीत.

आयर्लंड त्या निवेदनात येतो तो दुसऱ्या ठिकाणी आणि दुसऱ्या रूपात. दडपशाहीने चळवळी मरत नाहीत, हा तेथील मुद्दा आहे. फ्रान्समधील बॅस्टिलचा तुरुंग आणि राजाची मनमानी अटकपत्रे, रशियातील फाशीचे खांब आणि सायबेरियाच्या खाणी, आणि त्यापाठोपाठ आयर्लंडमधील रक्तरंजित रविवार आणि 'ब्लॅक अँड टॅन्स', अशी ती मालिका आहे. या वाक्यांची रचना पाहण्यासारखी आहे. प्रत्येक वाक्याचा कर्ता दडपशाहीचे एखादे साधन आहे; कर्म त्या देशाची चळवळ आहे; आणि क्रियापद नकारार्थी आहे. वीरपुरुष या व्याकरणात कोठेच नाही. ब्रीन यांच्या पुस्तकात 'मी' जे करतो त्यातून आयर्लंड दिसतो. दिल्लीच्या निवेदनात राज्यसत्ता जे करू शकली नाही त्यातून आयर्लंड दिसतो.

नावे का आली नाहीत याचे एक संभाव्य कारण आयर्लंडच्या तेव्हाच्या इतिहासातच सापडते. ६ डिसेंबर १९२१ च्या तहाने आयरिश क्रांतिकारक दुभंगले. १९२२-२३ च्या यादवीत तहाच्या बाजूचे सरकार आणि विरोधक एकमेकांवर तुटून पडले; कॉलिन्स त्याच यादवीत मारले गेले, आणि नव्या सरकारने सत्तराहून अधिक आयरिश बंडखोरांना देहान्त शिक्षा दिल्या. ब्रीन हे तहाचे विरोधक. परंतु १९२७ साली निष्ठेची शपथ घेऊन त्यांनीही सभागृहात प्रवेश केला. १९२९ साली कोणतेही आयरिश नाव घेणे म्हणजे एका बाजूचा कौल देणे होते. दडपशाहीचा पराभव मात्र दोन्ही बाजूंना सारखाच मान्य होता.

तो दुसऱ्या एका पक्षालाही मान्य होता, आणि येथे या लेखनाचे कौशल्य दिसून येते. न्यायदर्शनात दृष्टान्ताचे जे लक्षण सांगितले आहे त्यानुसार, सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांच्याही बुद्धीला जी गोष्ट सारखीच पटते तीच दृष्टान्त होऊ शकते. वादी ज्या गोष्टीला मानतो आणि प्रतिवादी मानीत नाही, ती दृष्टान्त म्हणून निरुपयोगी. गुरू गोविंदसिंग आणि शिवाजी ही आरोपींची श्रद्धास्थाने होती. इंग्रज न्यायाधीशाने ती मानण्याचे कारण नव्हते. परंतु 'ब्लॅक अँड टॅन्स' पाठवूनही इंग्लंडला तह करावा लागला, ही गोष्ट इंग्लंडच्याच दप्तरात नोंदलेली होती. ती नाकारणे न्यायासनावर बसलेल्या माणसालाही शक्य नव्हते. या पथकांच्या अत्याचारांच्या वार्ता हिंदुस्थानात त्यापूर्वीच एकदा गाजल्या होत्या: जून १९२० मध्ये जालंधर आणि सोलन येथे कॅनॉट रेंजर्स या पलटणीतील आयरिश सैनिकांनी त्याच वार्ता ऐकून शस्त्रे खाली ठेवली, आणि जेम्स डेली या तरुण शिपायास २ नोव्हेंबर १९२० रोजी दगशाई येथे गोळ्या घालण्यात आल्या. केळकरांच्या पिढीची उपमा स्वकीयांना उद्देशून होती. दिल्लीचा दृष्टान्त प्रतिपक्षाला उद्देशून आहे. उपमा म्हणते, आम्ही त्यांच्यासारखे आहोत. दृष्टान्त म्हणतो, तुम्ही तेथे जे होता तेच येथे आहात. तुलनेचा विषयच बदलला.

मराठीला दृष्टान्ताची ही शिस्त नवी नाही. महानुभावांच्या 'दृष्टान्तपाठा'त आधी सूत्र येते, मग दृष्टान्त, आणि त्यानंतर दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्ताचे प्रस्तुत विषयाशी लावलेले नाते. गोष्ट सांगून केशोबास वाचकाला वाऱ्यावर सोडीत नाहीत. तिचा कोणता अंश घ्यावयाचा ते दार्ष्टान्तिक सांगते. दिल्लीच्या निवेदनातील आयर्लंडला असे दार्ष्टान्तिक आहे. घ्यावयाचा अंश एकच: दडपशाही हरते.

५

तथापि, दृष्टान्ताचा अंश निवडण्यात काही सोडावेही लागते. २१ नोव्हेंबर १९२० च्या रविवारी दुपारी क्रोक पार्कच्या मैदानावर सरकारी गोळीबारात चौदा नागरिक ठार झाले. त्याच दिवशी सकाळी कॉलिन्स यांच्या माणसांनी डब्लिनमध्ये ब्रिटिश गुप्तहेर खात्याशी संबंधित मानलेल्या अधिकाऱ्यांना त्यांच्या घरांत शिरून मारले होते. निवेदनात दुपार आहे, सकाळ नाही. तसेच, दडपशाही हरल्यानंतर काय होते, याचे उत्तरही त्या एका ओळीत नाही. आयर्लंडची फाळणी १९२० च्या कायद्याने झाली होती. यादवी संपून सहा वर्षे लोटली होती. बचावाच्या निवेदनात हे सारे यावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण वाङ्मयाच्या परीक्षकाने हे मौन नोंदवावयास हवे.

हे मौन भगतसिंगांनीच मोडले. तुरुंगातील उपोषणाच्या काळात आयर्लंडची तुलना पुन्हा सर्वांच्या तोंडी आली होती. जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी लाहोरच्या तुरुंगात वारले, तेव्हा १९२० साली लंडनच्या तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणाने प्राण सोडलेल्या टेरेन्स मॅक्स्विनी यांच्या कुटुंबाकडून सहवेदनेचा संदेश आला. तादात्म्याला याहून मोठे निमित्त कोणते असणार? असे असूनही २ फेब्रुवारी १९३१ रोजी, म्हणजे फाशीच्या सात आठवडे आधी, तरुण राजकीय कार्यकर्त्यांसाठी लिहिलेल्या मजकुरात भगतसिंगांनी आयर्लंडचा दाखला संशयास्पद ठरवला. आयर्लंडमध्ये तुरळक दहशतवाद नव्हता. सारे राष्ट्र उठले होते, बंदूकधाऱ्यांना जनतेची सहानुभूती होती, अमेरिकेतील आयरिशांचा पैसा होता, भूरचना अनुकूल होती. आणि एवढे असूनही तेथील क्रांती अपुरी राहिली, श्रमिकाच्या बेड्या सुटल्या नाहीत, असे त्यांचे विवेचन आहे. आयर्लंड हा धडा आहे आणि इशाराही आहे, असे सांगून, शक्य असले तरी हिंदुस्थानने त्याचे अनुकरण करावे काय, असा प्रश्न ते विचारतात. दिल्लीतील गोऱ्या सत्तेच्या जागी काळी सत्ता आणणे एवढेच ध्येय असेल तर ते अपुरे आहे, ही त्या मजकुराची भूमिका आहे.

ज्याने ब्रीन यांचा अनुवाद केला त्यानेच हे लिहावे, याचे महत्त्व फार मोठे आहे. अनुवाद ही वाचनाची सर्वांत निकटची अवस्था. त्यात दुसऱ्याच्या 'मी'ला आपल्या भाषेत 'मी' म्हणावे लागते. तेथून निघालेला वाचक दिल्लीत दृष्टान्तापर्यंत आला आणि लाहोरच्या कोठडीत दृष्टान्ताच्या परीक्षेपर्यंत पोचला. तो आयर्लंडच्या भूमिकेत पुरता शिरला होता, आणि तरीही स्वतःच्या देशाच्या जमिनीवर, त्याच्या शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या प्रश्नावर उभा होता. केळकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर हीच सविकल्प समाधी.

या मजकुरावर एक आक्षेप मात्र घ्यावाच लागेल. आयर्लंडच्या राष्ट्रवादाला सामाजिक अधिष्ठान नव्हते, हे विधान जेम्स कॉनोली यांच्यावर अन्याय करते. १९१६ च्या उठावात ते कामगारांचे सशस्त्र दल घेऊन उतरले आणि १२ मे रोजी मारले गेले. समाजवादी प्रजासत्ताक स्थापले नाही तर डब्लिनच्या किल्ल्यावर हिरवा झेंडा लावूनही श्रम वाया जातील, असे कॉनोली यांनी १८९७ सालीच लिहून ठेवले होते. दिल्लीच्या सत्तेच्या वर्णाविषयी भगतसिंगांनी जे म्हटले ते आणि हे, एकाच विचाराची दोन रूपे आहेत. म्हणजे आयर्लंडचे अनुकरण करू नका हा इशाराही मुळात एका आयरिश माणसाने दिलेला होता. याने भगतसिंगांचे विवेचन खोटे पडत नाही. परक्या राष्ट्राचा इतिहास एकसंध नसतो, त्याच्या पोटात त्याचा टीकाकारही असतो, हे त्यातून उमजते. ब्रीन यांच्या पुस्तकातून जो आयर्लंड आला त्यात कॉनोली मागे पडले, एवढाच याचा अर्थ.

६

दिल्लीच्या त्या वास्तूशी निगडित झालेल्या दोन वाचकांचा हा वृत्तान्त मराठी समीक्षेला एक काम लावून देतो. परदेशीय देशभक्तांच्या चरित्रांना, इतिहासांना आणि आत्मकथनांना 'स्फूर्तिदायक' म्हणून आदराने कपाटात ठेवणे हा त्यांचा सन्मान नव्हे. त्या ग्रंथांतील तुलना कोणत्या जातीच्या आहेत, त्या स्वकीयांना उद्देशून आहेत की प्रतिपक्षाला, कथनातून कोणती माणसे गळली आहेत, आणि पुस्तक मिटल्यावर वाचक स्वतःच्या जमिनीवर परत येतो की नाही, हे प्रश्न त्यांना विचारले पाहिजेत. केळकरांच्या इतिहासाला ते विचारले तर उपमेची मर्यादा कळेल, आणि ती पुढे त्याच लेखकाच्या सिद्धान्ताने कशी उघड होते हेही कळेल. राजगुरूंच्या चरित्रकारांना ते विचारले, तर लाहोरच्या रस्त्यावर पडलेल्या चननसिंगाचे नाव किती चरित्रांत येते हेही मोजावे लागेल.

क्रांतिकारकांविषयीच्या आदराला यामुळे बाध येत नाही. उलट, ज्या तेवीस वर्षांच्या तरुणाने मृत्यूच्या छायेत बसून आपल्या आवडत्या पुस्तकाने दाखवलेला मार्ग पुन्हा तपासला आणि तो आपल्या देशाला पुरणार नाही असे लिहून ठेवले, त्याचा आदर कोणत्या कारणासाठी करावयाचा हे त्यामुळे अधिक नेमकेपणाने सांगता येते. २३ मार्च १९३१ रोजी तो फासावर गेला, म्हणून त्याचे स्मरण होते. त्याचे वाचनही स्मरणात ठेवण्यासारखे आहे.